डांबराचे डाग घासू नका, भिजवा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आपल्याकडे रस्त्यांची कामं निघतात आणि ती थेट मिरगापर्यंत चालतात. लातूर-नांदेड असो, औसा-निलंगा असो, नाहीतर रेणापूर-अहमदपूरकडचे आतले जोडरस्ते असोत, कुठे ना कुठे डांबराची गाडी उभी दिसतेच. रस्ते व्हायलेत याचा आनंदच आहे. खड्ड्यांनी माणसांची आणि गाड्यांची, दोघांचीही कंबर मोडली होती. पण याच दिवसांत माझ्याकडे एक वेगळंच काम वाढतं. मी लातुरात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो, उमेदीची सगळी वर्षं यातच गेली. शिंतोडे उडालेली गाडी मालक घरी नेतो, थिनरनं, पेट्रोलनं, ब्लेडनं, नाहीतर भांड्याच्या पावडरीनं साफ करतो, आणि रंग गेला की माझ्या दारात आणून लावतो. नुसत्या डांबरानं खराब झालेली गाडी मी क्वचित पाहिली. डांबर काढताना खराब झालेल्या मात्र दर हंगामात येतात. यात माझा धंदा होतो हे खरं, पण घरच्या घरी निघणाऱ्या डागापायी एखाद्या पगारदार माणसाचे हजारो रुपये जाताना बघवत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, तरी जागा द्यावी ही विनंती.

परवाचीच गोष्ट. निलंग्याकडचे एक गुरुजी पांढरी गाडी घेऊन आले. पुढच्या दाराच्या खालच्या अंगाला तळहाताएवढा भाग मेणचट झालेला. मी नख टेकवलं तर नखाची खूण उमटली, इतका रंग मऊ पडला होता. मधोमध राखाडी प्रायमर उघडा पडलेला, आणि कडेनं डांबराचे बारीक ठिपके जसेच्या तसे. गुरुजी म्हणाले, "पोरगं म्हणालं थिनरनं निघतंय. फडकं भिजवून घासायलं, तर डांबराच्या आधी रंगच फडक्याला यायलाय." मी विचारलं, "गुरुजी, हे दार आधी कधी रंगवलं होतं का?" ते म्हणाले, "हाव, मागं बैलगाडीचं जू लागलं होतं, तवा रस्त्यावरच्या एका गॅरेजात मारून घेतलं होतं."

सगळं तिथंच होतं. कंपनीतून येणारा रंग १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. गॅरेजात चांगलं काम करणारा माणूस हार्डनर घातलेला टू-के रंग मारतो, तोही एकदा पिकला की बऱ्यापैकी टणक होतो. पण स्वस्तात काम उरकायचं तर एन.सी., म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग मारतात. हा रंग नुसता थिनर उडून गेल्यानं वाळतो. त्यामुळं वर्षांनंतरही त्यावर थिनर पडला की तो पुन्हा विरघळतो. त्या पोराचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानात थिनर मागितला की बाटली हातात मिळते, कशासाठी पाहिजे हे कुणी विचारत नाही.

गाडीच्या अंगावर रंग किती असतो याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पत्र्यावरचा गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरची काचेसारखी लॅकर, हे सगळं मिळून कंपनीच्या गाडीवर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे चारही थर मिळून दोन केसांएवढे. त्यातली चमक देणारी आणि ऊन अडवणारी लॅकर म्हणाल तर ४०-५० मायक्रॉन. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४०-४२ च्या पुढं जातो, गाड्या दिवसभर उघड्यावर तापतात, आणि त्या उन्हाला तोंड देणारी तेवढीच एक पातळ साय असते. ती घासून कमी केली तर आज काही दिसत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनी टपावर आणि बोनटवर पांढरे पापुद्रे सुटायला लागतात, तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं की कंपनीचा रंगच हलका होता.

आता डांबराकडं येऊ. रस्त्याचं डांबर म्हणजे कच्चं तेल शुद्ध करताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघून गेल्यावर तळाला उरलेला जड गाळ. म्हणून पाण्यानं, शाम्पूनं ते हलत नाही आणि तेलकट पदार्थात मात्र विरघळतं. हे एकदा ध्यानात आलं की घासायची गरजच उरत नाही. उलट घासणं हेच सगळ्यात वाईट, कारण शिंतोड्यात नुसतं डांबर नसतं. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. क्रशरवरून येणारी कच आणि डस्ट त्याच बेसाल्टची, आणि ती लॅकरपेक्षा कितीतरी टणक. चाकानं उडालेल्या प्रत्येक ठिपक्यात या कचेचे कण रुतलेले असतात. भिंगातून पाहिलं तर ते चकाकताना दिसतात. फडक्यानं जोर लावला की डांबर जागचं हलत नाही, पण हे कण लॅकरवर गोल गोल फिरतात. नंतर उन्हात गाडी धरली की जाळीसारखे ओरखडे दिसतात ते याचेच.

मी करतो ती रीत सांगतो. गाडी सावलीत लावायची आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कुठलंही औषध टाकलं तर डांबर मऊ व्हायच्या आधीच ते उडून जातं आणि आपण पुन्हा घासायला लागतो. मग साध्या पाण्यानं सगळी धूळ उतरवायची. दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, चाकाच्या वरच्या कमानीत, मागच्या बंपरच्या कोपऱ्यात, जिथं शिंतोडे असतात तिथंच धूळही जास्त असते, म्हणून तिथं पाणी सढळ हातानं वापरायचं. डाग कोरडा झाला की कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे ऑइल पेंट पातळ करायला वापरतात त्या टर्पेंटाइनमध्ये, ओला करून डागावर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही, हलवायचा नाही. मिनिट-दोन मिनिटांत ठिपक्याच्या कडेनं चहासारखा तपकिरी ओघळ सुटतो. तो दिसला की समजायचं, डांबर सुटायला लागलं. बोळा उचलायचा, मऊ फडक्यानं ठिपका अलगद टिपून वर घ्यायचा, फडक्याची बाजू बदलायची, आणि राहिलेल्या भागावर ताजा बोळा. जाड ठिपक्याला हे चार-पाच वेळा करावं लागतं. पहिल्या फेरीत वरचा पापुद्रा जातो, दुसऱ्या-तिसऱ्यात आतली कच सुटून बोळ्यावर येते. कच निघाल्यावर राहिलेला पातळ डाग हलक्या हातानं पुसला तरी चालतो.

फडक्याची बाजू बदला असं मी पोरांना रोज ओरडून सांगतो. एकाच बाजूनं चार डाग पुसले की पहिल्या डागाची कच चौथ्या डागावर घासली जाते. मायक्रोफायबर असेल तर उत्तम. नसेल तर जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा बनियन चालेल. मात्र ते धूळ खात पडलेलं नसावं, त्याला बटण नसावं, जाड शिवण नसावी.

काम झालं की तो भाग गाडीच्या शाम्पूनं धुऊन तेलकटपणा काढून टाकायचा. डांबराबरोबर वरचं मेणही गेलेलं असतं, म्हणून शेवटी वॅक्स लावायचं. वॅक्स लावलेल्या जागी पुढच्या वेळचं डांबर तितकं घट्ट बसत नाही. पांढऱ्या गाडीवर जुना डाग निघाल्यावर पिवळसर सावली राहते, तिला घाबरू नये. बारीक पॉलिशनं ती बहुतेक वेळा जाते. पण त्यासाठी कुणी लगेच रबिंग मारायचं म्हणालं तर आधी कारण विचारा. रबिंग म्हणजे लॅकरचाच थर कमी करणं.

टर्पेंटाइन नसेल तर? पूर्वी घरोघरी रॉकेल असायचं आणि ते या कामाला चांगलं. आता रेशनवर ते पूर्वीसारखं मिळत नाही, म्हणून लोक हाताशी असलेल्या पेट्रोलकडं आणि थिनरकडं वळलेत, असं मला वाटतं. बाजारात टार रिमूव्हरच्या बाटल्या मिळतात, त्याही चांगल्या. फक्त मागची सूचना वाचून घ्यावी. डिझेलनंही डांबर सुटतं, पण त्याचा तेलकट थर चिवट असतो आणि त्यावर लगेच धूळ बसते.

ज्यांना यातलं काहीच नको, त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातला उपाय आहे. आपला लातूरचा भाग सोयाबीनचा. तेच साधं सोयाबीन तेल कापसावर घ्यायचं आणि बोळा डागावर चिकटवून ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं, जुना डाग असेल तर आणखी वेळ. ते सावकाश काम करतं, पण रंगाला धक्का लावत नाही, त्याची वाफ डोक्यात जात नाही आणि भडका उडण्याची भीती नाही. ताज्या, बारीक शिंतोड्यांसाठी मी गिऱ्हाइकांना आधी तेलच सांगतो. आमच्या शेजारच्या ताईंनी त्यांच्या स्कूटरचं पुढचं मडगार्ड असंच खोबरेल तेलानं साफ केलं आणि आज ते नव्यासारखं आहे. एक काळजी मात्र घ्यावी. सोयाबीन किंवा जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून डिकीत, नाहीतर पोत्यात कोंबून ठेवू नयेत. अशा चिंध्या हवेशी संयोग होऊन आतून तापतात आणि ढीग मोठा असेल तर पेटूही शकतात. धुऊन टाकाव्यात किंवा मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

पेट्रोलबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. मोटारसायकलच्या टाकीतून नळीनं बाटलीत पेट्रोल काढायचं आणि फडक्यानं गाडी पुसायची, हे मी गल्लोगल्ली बघतो. पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही सोडत असतं, मग आपल्या उन्हाळ्याची गोष्टच सोडा. ती वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दहा पावलांवर चूल असेल, देवापुढं दिवा असेल किंवा कुणी बिडी पेटवली तर आग उलट बाटलीपर्यंत धावत येते. बंद पोर्चमध्ये तर अजिबात नको. गाडी नुकतीच चालवून आणली असेल आणि सायलेन्सर तापलेला असेल, तर मोटारसायकलवर पेट्रोलचं फडकं फिरवणं म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं, ते कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं आणि त्यानं कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. रॉकेल त्या मानानं शांत, पण तेही साधारण ३५ अंशांच्या पुढं पेट घेण्याइतकी वाफ सोडू शकतं, आणि मे महिन्यात सावलीतसुद्धा तेवढं तापमान आपल्याकडं असतंच. म्हणून रॉकेल असो वा टर्पेंटाइन, काम उघड्यावर, सकाळच्या गारव्यात करावं, लेकरांना लांब ठेवावं, हातात रबरी मोजे घालावेत.

काही जागा अशा आहेत की तिथं चांगलं औषधही नुकसान करतं. हेडलाइटची काच आता काचेची राहिलेली नाही, ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. तिच्यावर पेट्रोल किंवा थिनर लागला की आत केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि ती कायमची धुरकट होते. अख्खा दिवा बदलण्याशिवाय त्याला इलाज नाही. तिथं फक्त खाण्याचं तेल आणि नंतर शाम्पू. रंग न दिलेलं काळं प्लॅस्टिक, दाराचं रबरी बीडिंग, टायर, यांनाही पेट्रोल-रॉकेल लावू नये. रबर फुगतं आणि नंतर तडकतं. चाकाच्या आत ब्रेकची चकती असते, तिच्यावर तेलाचा थेंबही उडता कामा नये. चाकावरचे डाग काढताना स्प्रे मारण्याऐवजी बोळाच वापरा. पुढच्या काचेवर डाग असेल तर मात्र चिंता नको, खऱ्या काचेला रॉकेलनं काही होत नाही. आपल्याकडं मागच्या काचेवर, बोनटवर तुळजाभवानीचं किंवा गावच्या देवाचं स्टिकर हौसेनं लावलेलं असतं. त्याच्या कडेला औषध गेलं की गोंद सुटतो आणि स्टिकर उकलतं, म्हणून तिथं जरा जपून.

गाडी जुनी घेतलेली असेल तर कुठलं दार आधी रंगवलंय हे मालकाला माहीत नसतं. अशा वेळी दार उघडून आतल्या कडेला, जिथं कुणाला दिसत नाही, तिथं आधी औषधाचा बोळा लावून बघावा. बोळ्यावर गाडीचा रंग उतरला की थांबायचं. शाबूत लॅकर असलेल्या गाडीचा रंग फडक्यावर येत नाही. आला तर एक तर एन.सी. रंग आहे, नाहीतर लॅकर संपलेली आहे. अशा जागी खाण्याच्या तेलाशिवाय काही वापरू नका. आणि गाडी नुकतीच रंगवून आणली असेल तर रंग चांगला पिकेपर्यंत, निदान महिनाभर, तिच्यावर कुठलंही औषध नको.

प्रत्येक काळा ठिपका डांबराचाच असतो असंही नाही. गळीत हंगामात मळीचे टँकर फिरतात, त्यातून सांडलेली मळी चाकानं उडून अंगावर वाळली की हुबेहूब डांबरासारखी दिसते. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवून बघा. मळी असेल तर विरघळून जाईल, डांबर असेल तर त्याला काही होणार नाही. आता नवे महामार्ग बरेचसे सिमेंटचे होताहेत, त्यांचे शिंतोडे राखाडी असतात आणि त्यांना ना तेल चालतं ना टर्पेंटाइन. सिमेंट ताजं असताना भरपूर पाण्यानं धुऊन टाकावं. वाळून घट्ट झालं असेल तर व्हिनेगरमध्ये पाणी घालून, भिजवून भिजवून मऊ करावं लागतं, नखानं किंवा पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायचं नाही. ते जमत नसेल तर सरळ जाणकाराकडं न्यावं.

भांड्याच्या साबणाचं आणि पावडरीचं वेगळं सांगायला हवं, कारण हा उपाय घरोघरी आहे. भांड्याच्या वडीत आणि पावडरीत दगडाची बारीक पूड असते, करपलेलं पातेलं निघावं म्हणूनच ती घातलेली असते. ती लॅकरवर फिरवली की चमक मेली. तारेची घासणी आणि काथ्या तर लांबच ठेवा. ब्लेडचंही तेच. "हलक्या हातानं केलं हो," असं लोक म्हणतात, पण दाराला बाक असतो आणि ब्लेड सरळ असतं. त्याची दोन टोकं कुठं ना कुठं रुततातच.

पाण्याचा विषय लातूरच्या माणसाला टाळता येत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून या शहराची तहान भागवावी लागली. त्या उन्हाळ्यात गाडी धुणं ही चैन होती आणि आजही टँकरच्या दिवसांत मी कुणाला पाइप लावून गाडी धुवा असं सांगणार नाही. पण पाणी वाचवायचं म्हणून धुळीची गाडी कोरड्या फडक्यानं झटकली जाते, तिथं सगळा रंग खराब होतो. डाग खालच्या पट्ट्यात असतात, तेव्हा अख्खी गाडी धुवायची गरजच नाही. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी आणि एकीत साधं. फक्त तो पट्टा आधी तांब्यानं पाणी सोडून भिजवा, धूळ वाहू द्या, मग फडकं साध्या पाण्यात हिसळून हिसळून पुसा. वरून खाली यायचं, खालून वर जायचं नाही. दोन बादल्यांत एका बाजूचं दार आणि सिल नीट होतं. हे तेलकट पाणी झाडाच्या आळ्यात किंवा बोअरजवळ ओतू नये. वापरलेलं रॉकेल-टर्पेंटाइन तर नालीतही नको.

डाग काढायला उशीर करू नये, हेही सांगतो. डांबर जसजसं जुनं होतं तसतसं ते हवेनं आणि उन्हानं कडक होत जातं. पहिल्या आठवड्यात दोन बोळ्यांत निघणारा ठिपका दिवाळीचा असेल आणि गुढीपाडव्याला काढायला घेतला तर तासभर खातो. आणि जे अजून रस्त्यावर आहेत त्यांनी एवढं करावं. नव्या रस्त्यावर सुटी कच दिसली, चाकाखाली चर्र आवाज यायला लागला, की वेग कमी करावा आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावं. शिंतोडे चाकाच्या वेगानं उडतात. सावकाश गेलं तर निम्मे उडतच नाहीत. चारही मडफ्लॅप शाबूत असावेत.

डांबराचा थर टाकायच्या आधी खालच्या थरावर चिकटवण्यासाठी पातळ इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, फवारतात. ते टाकलं तेव्हा तपकिरी दिसतं आणि त्यातलं पाणी सुटून गेलं की काळं होतं. तपकिरी आहे तोवर त्यावरून गाडी गेली तर ते खालून सगळ्या अंगाला उडतं. पण तेवढ्यातच घरी येऊन पाण्यानं धुतलं तर बरंचसं निघूनही जातं, कारण अजून ते पाण्यात मिसळलेलंच असतं. एकदा काळं पडलं की मग वर सांगितलेली रीत.

म्हणूनच रस्त्याचं काम करणाऱ्यांकडं माझं मागणं आहे. इमल्शन टाकलेली बाजू काळी पडेपर्यंत वाहतुकीला बंद ठेवा आणि एका बाजूनं गाड्या सोडा. कच टाकून रोलर फिरला की सुटी कच झाडून घ्या. ती रस्त्यावर ठेवली की शिंतोडे तर उडतातच, शिवाय मोटारसायकली घसरतात, आणि तिथं रंगाचा नाही, जिवाचा प्रश्न येतो. काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची, कुठं फलक लावायचे, याची नियमावली इंडियन रोड्स काँग्रेसनं घालून दिलेली आहे. ती अंमलात आणायला चार पत्रे, दोन झेंड्या आणि दोन माणसं एवढंच लागतं.

आणि जे मजूर तिथं राबतात त्यांची काळजी आधी घ्या. गरम डांबर १५० अंशांच्या आसपास असतं. त्याच्याजवळ पायात साध्या चपला आणि हाताला फडकं गुंडाळलेली माणसं मी रोज बघतो. संध्याकाळी ती डिझेलनं हात धुतात आणि कातडी फाटून रक्त येतं. त्यांना मोजे द्या, बूट द्या, हात धुवायला गोडं तेल आणि साबण द्या. कुणाच्या अंगावर गरम डांबर पडलंच तर ते ओढून काढू नये, कातडी सोबत येते. वरून गार पाणी सोडत राहावं आणि तसंच दवाखान्यात न्यावं, डांबर काढायचं काम डॉक्टरांवर सोडावं.

फलकाचं एक शेवटचं. ताज्या डांबराचा फलक बहुतेक वेळा काम चालू आहे तिथंच, रोलरला टेकवून ठेवलेला असतो. तिथं पोचेपर्यंत गाडी डांबरात गेलेली असते. तो निदान दोनशे-तीनशे मीटर आधी, दोन्ही बाजूंना, आणि रात्री चमकेल असा लावावा. आतल्या रस्त्यांवर तर जिथून दुसरा फाटा फुटतो तिथंच लावावा, म्हणजे ज्याला वळून जायचंय त्याला वळता येईल.

आपला,
गाड्यांचं रंगकाम करणारा एक वाचक,
लातूर